सहकारनगरचा पत्ता

प्रिय अक्का,

कॉलेजच्या फाटकावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो काढून घ्यायचा तुला इतका कंटाळा, आणि आता सहा फुटांची होऊन तू रस्त्यावरच्या पर्यटकांकडे बघून हसते आहेस. फोटो तुझ्या निवृत्तीच्या दिवशीचा आहे. हातातला नारळ कोणीतरी कापून टाकलाय, त्यामुळे तू दोन्ही हातांनी हवा धरून उभी आहेस. खाली लिहिलंय, 'असंख्य विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शक, आपल्या ग्रंथपाल शकुंतलाबाई यांच्या स्मरणार्थ व्याख्यान. विषय: पदवीनंतर पुढे काय? वक्त्या: त्यांच्या भगिनी, निवृत्त कार्मिक अधिकारी.'

म्हणजे मी. उद्या सकाळी अकराला.

म्हणून आज लिहायला बसले. उद्या माइकसमोर तुझ्याबद्दल गोड बोलायचंय, त्याआधी तुझ्याशी भांडून घ्यायला हवं. तू गेलीस त्याला पाच महिने झाले. रडून झालं, तुझ्या साड्या वाटून झाल्या. आता मला राग आलाय, अक्का. असा राग की दुपारी चहा टाकताना मी दोन कप टाकते आणि दुसऱ्या कपाशी बोलते. शेजारच्या वहिनी परवा खिडकीतून विचारत होत्या, "नलूताई, पाहुणे आलेत का?" म्हटलं, "हो. पण उत्तर देत नाहीत."

मार्गदर्शक! काय शब्द वापरतात! तुला मार्गदर्शन करताना मी पाहिलंय. वाचनालयाच्या खिडकीपाशी, शनिवारी दुपारी, मावळातल्या खेड्यांतली शेवटच्या वर्षाची पोरंपोरी जमायची. कोणी औंढ्याचं, कोणी बेडशाचं, कोणी शिरगावचं. घरातून कॉलेजची पायरी चढलेलं पहिलंच माणूस. तू त्यांच्यासाठी पेपरातल्या जाहिराती कापून ठेवायचीस. निवृत्त झालीस तसा तोच दरबार आपल्या ओट्यावर भरायला लागला.

आणि तू काय सांगायचीस तेही ऐकलंय. मी आत भाजी निवडत असायचे, कान बाहेर असायचे. "नेमणुकीचं पत्र पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही. साहेब उभा राहिला तरी आपण बसून वाचायचं." "पहिल्या दिवशी डब्यात एक पोळी जास्त न्या, कोणाच्या तरी शेजारी बसून जेवावं लागतं." "येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि त्याच दमात शिकवाल का म्हणून विचारा." एका पोरीला तर तू म्हणाली होतीस, "पहिल्या पगारातून आधी बरे बूट घे. पेढे दुसऱ्या पगाराचे वाट, देवाला घाई नसते."

गेल्या महिन्यात कॉलेजनं पुण्याहून एक सूटवाले बोलावले होते. दीड तास 'स्वप्नं मोठी बघा' चाललं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना एकानं दुसऱ्याला विचारलं, "पन अर्ज कुटं करायचा, ते न्हाई सांगितलं का रं?" तुझ्या त्या एका जास्तीच्या पोळीत सूटवाल्याच्या दीड तासापेक्षा जास्त अक्कल होती. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हटलं. गोड संपलं, पुढचं ऐक.

त्याच तोंडानं तू त्या पोरांना स्वतःचं घर लपवायला शिकवलंस?

मला कळलं ते मयूरीमुळे. बेडशाची मयूरी, केमिस्ट्रीची पदवी, तुझ्या ओट्यावरच्या शेवटच्या तुकडीतली. तुझ्या दिवसांना आली होती तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की ती तळेगावला आमच्याच कंपनीत प्रयोगशाळेत लागली आहे. मागच्या महिन्यात एका सकाळी ती परत आली. हातात घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी, आणि चेहरा असा की मी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं.

"मावशी, मला काढलं."

"का?"

"खोटा पत्ता दिला म्हनून."

मला वाटलं, पोरीनं काही आगाऊपणा केला असेल. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी आधी उलटतपासणी घेते. "घरून किती वाजता निघायचीस?"

"पावनेपाचला. दुधाच्या गाडीनं कामशेत."

"आणि कामाची वेळ?"

"साडेआठ."

"बेडशाहून तळेगावला पावणेचार तास लागतात का गं?"

"तळेगावला न्हाई, मावशी. शिवाजीनगरला. तितून कंपनीची बस."

मला कळेना. मी पुन्हा विचारलं. "म्हणजे तू कामशेतला लोकल पकडायचीस, तळेगाव स्टेशन मागं टाकून पुण्याला जायचीस, आणि तिथून कंपनीच्या बसनं परत तळेगावला यायचीस?"

"व्हय."

"अगं पण का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच थोडी मंद आहे. "अक्कांनी सांगितलं हुतं ना. मी सहकारनगरला ऱ्हाते."

अक्का, ती पोरगी आठ महिने रोज सकाळी स्वतःच्या कारखान्यासमोरून आगगाडीनं पुढं निघून जात होती! खिडकीतून तिला शेडची निळी छपरं दिसायची म्हणे. कामशेतहून तिसरं स्टेशन. घर सोडल्यापासून तासाभरात ती फाटकाशी उभी राहिली असती. पण नाही. मॅडम सहकारनगरला राहतात, तेव्हा मॅडमनी पुण्याच्या बसमधूनच उतरायला हवं, कोणी पाहिलं तर! हे तुझं मार्गदर्शन. तिची आई पहाटे चारला उठून डबा करायची, आणि तो डबा पुणं बघून तळेगावला यायचा.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आपल्या मावसबहिणीचा, सुमनचा पुण्यातल्या सहकारनगरमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. तू पोरांच्या अर्जांवर तो पत्ता घालत होतीस. मी सुमनला फोन लावला. ती हसायलाच लागली. "अगं नले, मला वाटलं तुला माहीत आहे! वर्षाला आठ-दहा जणांची टपालं यायची माझ्याकडे. वॉचमन मला विचारायचा, मावशी, तुमी हॉस्टेल चालवता का?" दोन खोल्यांत तू निम्मं मावळ कोंबलं होतंस!

तालमी घ्यायचीस म्हणे, निवृत्तीनंतरही वाचनालयातच, माझ्या कानांपासून लांब. मयूरीनंच करून दाखवलं, तुझा आवाज काढून. "घर कुठं?" "बेडशा..." "परत!" "सहकारनगर." "आजूबाजूला काय आहे?" "शाळा, दवाखाना, बाग." "कामावर कशी येशील?" "स्वारगेट, मग शिवाजीनगर, तिथून कंपनीच्या बसनं यीन." "यीन, का येईन?" "येईन, बाई." एका शिरगावच्या मुलानं सगळं पाठ केलं आणि मुलाखतीत 'घराजवळची खूण सांगा' म्हटल्यावर आपल्या गावचंच 'साईबाबांचं मंदिर' सांगून मोकळा झाला. साहेब म्हणाले, "अरे वा, सहकारनगरलाही आहे का?" पोरगं म्हणालं, "सर, बाबा सगळीकडे आहेत." आणि निवडलं गेलं! हे सांगताना मयूरी इतकी हसली, की क्षणभर तिची नोकरी गेली आहे हे आम्ही दोघी विसरलो.

कशी गेली, तेही ऐक. एका पहाटे महामार्गावर टँकर उलटला. फोनवर निरोप आला, पुण्याची बस अकराच्या आत येत नाही. मयूरी तेव्हा लोकलमध्ये, कान्हे स्टेशनात. आदल्या दिवशी तिनं चाचणीला नमुने लावले होते, ते सकाळी ठरलेल्या वेळी बघितले नसते तर सगळा माल अडकला असता. ती तळेगावला उतरली. सहा आसनी रिक्षा पकडून सहाच्या सुमारास प्रयोगशाळेत हजर. विभागात दुसरं कोणी नाही. तिनं एकटीनं नमुने तपासले, अहवाल लिहिला, माल सुटला. बस आली नाही, पण मयूरी आली. दुपारी सगळ्या विभागानं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. कार्मिक अधिकारी स्वतः अभिनंदन करायला खाली आला आणि कौतुकानंच म्हणाला, "सहकारनगरहून तू एकटीच कशी गं पोचलीस?"

"आणि तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं सांगितलं. मला वाटलं, आता त्यांनी माजं काम बगितलंय. आता चालंल."

आता चालंल! चौथ्या दिवशी पत्र हातात. 'चुकीची माहिती दिल्याबद्दल सेवा समाप्त.'

"मावशी," ती म्हणाली, "आठ महिन्यांत मी एक दिवस उशिरा गेले न्हाई. ज्या दिवशी लवकर गेले, त्या दिवशी काढलं."

मी तिची तांदळाची पिशवी आत नेऊन ठेवली. मग ती म्हणाली, "तुमी तितंच हुता ना मोट्या जागेवर? तुमी बोलाल का?"

मी दुसऱ्या दिवशी गेले. इस्त्रीची साडी, मोठं घड्याळ, पाठ ताठ. रस्ताभर मी तुला शिव्या घालत होते. वाटत होतं, ही सगळी तुझी घाण, आणि मी निस्तरायला चालले आहे.

कार्मिक अधिकारी म्हणजे आपला कौस्तुभ गं. माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून आला होता, तू त्याला दिवाळीत चकल्या खायला घातल्या होत्यास. आमच्या वेळी त्या विभागाला पर्सोनेल म्हणायचे, आता एचआर म्हणतात. नाव बदललं आणि खुर्ची मऊ झाली, एवढाच फरक.

"मॅडम! फोन केला असता तर गाडी पाठवली असती."

"मी लोकलनं आले. तळेगावला उतरता येतं, हे बघायचं होतं."

त्याला कळलं. "मुलगी हुशार आहे, मान्य. पण पत्ता खोटा होता. तुम्हीच शिकवलंत ना, अर्जातली एक ओळ खोटी तर सगळा अर्ज खोटा?"

"शिकवलं. बरं, तिनं बेडसे लिहिलं असतं तर तू तिला बोलावलं असतंस?"

तो पेन फिरवायला लागला.

"हो का नाही, कौस्तुभ?"

"मॅडम, तो अर्ज माझ्यापर्यंत आलाच नसता. तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे?"

त्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. नावं, गुण, पिनकोड. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'डॉट'. "पिनकोड टाकला की आपोआप लागतो," तो म्हणाला. "आता हातानं द्यावा लागत नाही. नाव मात्र आम्ही तेच ठेवलंय. तुमची आठवण."

तुमची आठवण! माणूस गेलं की त्याच्या नावानं लोक बाक देतात, पाणपोई बांधतात. माझ्या नावानं मी जिवंत असतानाच एक टिंब आहे.

मी उठले. चहा आला होता, तो घेतला नाही. परतीच्या लोकलमध्ये मी तुला शिव्या घालू शकले नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

तुला ती संध्याकाळ आठवते? वीसेक वर्षं झाली. मी अर्जांचा गठ्ठा घरी आणला होता आणि जेवणाच्या टेबलावर निवडत बसले होते. साहेबांनी तोंडी सांगून ठेवलेलं, लोकल माणसं नकोत. भातलावणी आली की रजा, गावची जत्रा आली की रजा, कोणाला आवाज चढवून बोललं की फाटकाशी गाववाल्यांच्या दोन जीपगाड्या. हे कागदावर तर घेता येत नाही. मग मी युक्ती काढली. अर्जावर तालुका मावळ दिसला, की उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक टिंब. टिंबवाले अर्ज खालच्या ट्रेमध्ये. कुठं काही लिहिलेलं नाही, कोणी काही विचारू शकत नाही. साहेब म्हणाले होते, "ब्रिलियंट!" आणि मी त्या एका शब्दावर आठवडाभर तरंगत होते. ज्यांच्या भातखाचरांवर शेड उभ्या राहिल्या, त्यांच्याच पोरांचे अर्ज मी इतक्या सफाईनं खाली सरकवत होते!

तू पोळ्या लाटत होतीस. पीठ लागलेल्या हातानं वाकून बघितलंस आणि विचारलंस, "हे टिंब कशाला गं?"

"आपल्या तालुक्यातले आहेत. साहेबांना नको असतात."

"मग आपणही त्यातल्याच."

"छे! आपण लोणावळ्याच्या."

तू माझ्याकडे पाहिलंस. आणि एवढंच म्हणालीस, "व्हय का?"

कित्येक वर्षांत तुझ्या तोंडून मी 'व्हय' ऐकलं नव्हतं. मग तू आत गेलीस आणि पोळ्या पूर्ण केल्यास. सुमन सांगते, पहिलं टपाल तिच्याकडे त्याच वर्षी आलं.

म्हणजे तू रस्ता बदललास. माझ्या टिंबाला वळसा घालून तू पोरांना पुण्याहून फिरवून आत आणायला लागलीस. आणि मी? निवृत्त होईपर्यंत ते अर्ज माझ्याच हातांखालून गेले! तू विचारशील, सुमनचा पत्ता तुला ओळखू आला नाही? अगं, मी तिच्याकडे दर दिवाळीला जाते, पण पत्ता वाचून कधी गेले? रिक्षावाल्याला 'शाळेच्या मागं' म्हणते. आणि टिंब देणाऱ्याला शेवटची ओळ वाचली की पुरतं. कदाचित ओळखलाही असेन आणि ओळखून घेतला नसेन. आता शपथ घेऊन सांगवत नाही. एकदा तर मी साहेबांना म्हणाले होते, "बघा, ही पुण्याची मुलं कशी वेळेवर येतात!" हस. हस तिथं फ्लेक्सवर.

पण मग मला आठवलं, की तू ही युक्ती शिकलीस कुठं. अक्का, ती तर आपल्या बाबांची!

बाबा लोणावळ्याच्या बंगल्याचे माळी आणि राखणदार. मालकीणबाईंना मी आवडले आणि त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घालायचं ठरवलं. तेव्हा तू मोठी, जिल्हा परिषदेच्या शाळेत चार वर्षं काढलेली, तुझा प्रश्नच आला नाही. सिस्टर आसपासच्या खेड्यांतली मुलं घेत नव्हत्या. मग बाबांनी बंगल्याचा पत्ता दिला. आणि औंढ्याहून शाळेत येताना रोज वाटेवर तालीम. "घर कुठं?" "बंगल्यात." "कुटं न्हाई, कुठं म्हन. परत!" ते स्वतः कुटं म्हणत मला कुठं शिकवायचे. माझं दप्तर तुझ्या खांद्यावर असायचं. मला फाटकात सोडून तू वळायचीस आणि तुझ्या शाळेकडे पळत सुटायचीस.

मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या बंगल्यावर खेळायला येऊ का? मी सांगायचे, आमच्याकडे चावरा कुत्रा आहे. दहावी होईपर्यंत मी तो कुत्रा पाळला. कोणी म्हणजे कोणी माझ्या घरी आलं नाही. आणि पुढं मी तो खोटा पत्ता इतका पाठ केला, की औंढे हे मला दुसऱ्या कोणाचं तरी गाव वाटायला लागलं. तुझ्या पोरांना निदान रोज संध्याकाळी घरी परतायचं होतं. मी परतलेच नाही.

हे सगळं तुला ठाऊक होतं. मग तू भांडली का नाहीस माझ्याशी?

हाच माझा खरा राग आहे, बाकी सगळा खटाटोप. एवढ्या वर्षांत आपण दोघी एका टेबलावर जेवलो. मीठ जास्त झालं म्हणून भांडलो, टीव्हीच्या आवाजावरून भांडलो, शेजारच्या मांजरीला दूध घालावं की नाही यावरून तू दोन दिवस अबोला धरलास! आणि यावर नुसतं 'व्हय का?' ते लाटणं टेबलावर आपटायचं होतंस! म्हणायचं होतंस, नले, तुझं दप्तर मी वाहिलंय, तू या पोरांच्या कपाळावर टिंब देऊ नकोस. मी चिडले असते, थयथयाट केला असता, पण कधीतरी ऐकलं असतं. का तुला वाटलं, हिला सांगून उपयोग नाही? मला भांडायच्याही लायकीची समजली नाहीस?

तू मला वाचवत राहिलीस, असं आता सगळे म्हणतील. तुझ्या त्या चांगुलपणाची किंमत मयूरीनं दिली. तू भांडली असतीस तर ती पोरगी तळेगावला उतरली असती. हे मी तुला माफ करणार नाही, फ्लेक्स कितीही मोठा लावू देत.

आणि स्वतःला? त्याबद्दल बोलू नकोस. ते माझं मी बघते.

मी कंपनीच्या मोठ्या साहेबांना पत्र दिलंय. टिंब काय होतं, कोणी सुरू केलं, का केलं, सगळं. खाली पूर्ण नाव आणि सही. कौस्तुभ म्हणाला, "मॅडम, यात तुमचंच नाव खराब होईल." म्हटलं, "माझं नाव तुझ्या रकान्यावर आधीच आहे." त्यानंतर मयूरीला निरोप आला, की माफी लिहून दे, ठेकेदारामार्फत परत घेऊ. म्हणजे तेच काम, तीच प्रयोगशाळा, फक्त कधीही काढता येईल अशी. तिनं काय उत्तर द्यावं? "पत्त्याची माफी मी लिहिते. टिंबाची त्यांनी लिहावी." अजून कोणीच काही लिहिलेलं नाही.

उद्या ती पहिल्या रांगेत बसणार आहे. आणि मंचावर माझ्या शेजारी कौस्तुभ, कारण कार्यक्रमाच्या पिशव्या आणि पेनं कंपनीनं दिली आहेत. 'खरा पत्ता लिहा, प्रामाणिक राहा' असं सांगून मी खाली बसू शकते. टाळ्याही मिळतील. पण माझं पेन्शन चालू आहे, मला काय जातंय? उद्या त्यांनी औंढे लिहिलं, की टिंब लागणारच. तो रकाना जाईपर्यंत तुझं सहकारनगर माझ्या प्रामाणिकपणापेक्षा जास्त उपयोगाचं आहे, हे कबूल करताना माझे दात दुखतात.

मघाशी मयूरी पुन्हा येऊन गेली. जाताना फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "मावशी, उद्या खरं बोलनार ना? का तुमीबी शिवाजीनगरावरून येनार?"

बघ, तुझीच विद्यार्थिनी. कुठं लागतं ते नेमकं ठाऊक.

तर अक्का, ऐक, तुला शब्द देते. उद्या मी आधी माझं गाव सांगणार. मग टिंब सांगणार, कौस्तुभकडे बघून, आवाज न चढवता, सिस्टरांनी शिकवलं तसं स्पष्ट. मयूरी सकाळी किती वाजता निघायची आणि कुठून फिरून यायची, ते तिच्यासमोर सांगणार, म्हणजे काही राहिलं तर ती उठून दुरुस्त करेल. माझ्या हाताखाली शिकलेली सहा-सात माणसं आज या पट्ट्यातल्या निरनिराळ्या कंपन्यांत खुर्च्यांवर बसली आहेत. सोमवारपासून एकेकाच्या दारात जाऊन बसणार, आणि तो रकाना पुसल्याशिवाय उठणार नाही. मी शिकवलेलं आहे, मीच विसरायला लावीन. म्हातारीला हाकलणं कोणालाही जड जातं, निवृत्तीचा तेवढा तरी उपयोग. आणि मयूरीला तिचं काम तिच्या नावावर, तिच्या गावासकट परत मिळेपर्यंत मोठ्या साहेबांना दर आठवड्याला एक पत्र जाईल. माझं इंग्रजी अजून त्यांच्यापेक्षा चांगलं आहे.

शनिवारी ओटा मी झाडून ठेवीन. पोरं येतील, त्यांना तुझी जास्तीची पोळी सांगीन, बसून पत्र वाचायला सांगीन, बूट सांगीन. 'घर कुठं?' असं मीही विचारीन. पण उत्तर आलं, की परत म्हणायला लावणार नाही.

आणि त्या शाळेतल्या मैत्रिणींपैकी दोघी अजून लोणावळ्यातच आहेत. त्यांना जेवायला बोलावणार आहे. कुत्रा कधीच नव्हता, हे साठ वर्षांनी का होईना, सांगून टाकते.

उद्या मी तळेगावलाच उतरणार, अक्का.

तुझी धाकटी,
नलू
औंढ्याची